जुना मिनीडीव्ही हँडीकॅम हाती आलाय? आधी एवढं करा

मिनीडीव्ही म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्रण करणारा कॅमेरा. तो चालू होतोय ना, मग अर्धं काम झालंच. पण घाईघाईत लग्नाची कॅसेट आत घालू नका. आधी बिनमहत्त्वाची एखादी लावून बघा; ती न अडकता फिरली तरच पुढे. आणि कॅसेटच्या मागच्या कडेची बारीक खिटी ‘सेव्ह’कडे सरकवा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं चित्रण पुसलं जात नाही.

चित्रात चौकोन किंवा आडवे पट्टे दिसले की लोक कॅसेट गेली समजून चक्क टाकून देतात. थांबा! पुष्कळदा हेडच (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग) मळलेलं असतं. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहाएक सेकंद चालवा. पुन्हा पुन्हा नको, हेड झिजतं.

चित्रण कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर केबलच (कॅमेऱ्यातलं डिजिटल चित्रण जसंच्या तसं नेणारी तार) हवी. बऱ्याच मॉडेलांत यूएसबीतून फक्त फोटो किंवा हलक्या दर्जाचं चित्र येतं. तासाभराच्या कॅसेटला साधारण १३ जीबी जागा मोकळी ठेवा.

पावसाळी हवेत दव साचल्याचा इशारा आला तर कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवून तासभर थांबा.

एडिटिंगचं नंतर बघू. आधी एक कॅसेट पूर्ण उतरवा, अडलं तर विचारा.