गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजुषेसाठी टीव्हीच्या कोणत्या तारखा घ्याव्यात?

तुम्ही सोलापुरातल्या मंडळासाठी विचारताय, म्हणून १५ सप्टेंबर आधी घ्या. १९५९ साली याच दिवशी दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. बऱ्याचदा ही तारीख गणपतीच्या आसपासच येते.

पण माझ्या मते खरा मराठी प्रश्न २ ऑक्टोबर १९७२ चा. त्या दिवशी मुंबई केंद्र सुरू झालं. गांधी जयंतीमुळे हा वाढदिवस कुणाच्या लक्षातच राहत नाही, त्यामुळे भले भले चुकतील बघा!

७ जुलै १९८४ ला 'हम लोग' ही मालिका आली, रंगीत प्रक्षेपण त्याआधी १९८२ मध्ये.

आणि २५ जानेवारी १९८७, रविवार. 'रामायण'चा पहिला भाग. आमच्या साखर पेठेत तेव्हा टीव्ही मोजकेच. ज्यांच्याकडे होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग, आत अख्खी गल्ली. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे सगळे मांडीला मांडी लावून हिंदी संवाद ऐकायचे. आमची आजी तर पडद्याला हळदकुंकू लावायची, मग काच पुसायचं काम माझ्याकडे.

हा प्रश्न शेवटी ठेवा. उत्तर आजोबा लोकच देतील.