वाचक विचारतात : शाल-श्रीफळ मिळालं, फीचं काय?

आपल्या कामातलं ज्ञान व्याख्यानातून किंवा प्रशिक्षणातून द्यावं आणि त्याचे रीतसर पैसे घ्यावेत, असं म्हणणाऱ्यांची पत्रं सीमाभागातून येत असतात. त्यातली पाच या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून कास्टिंग (ओतीव भाग) करणाऱ्या कारखान्यात, तीस वर्षं काढून निवृत्त झालो. ‘कास्टिंगमधले दोष व उपाय’ यावर दोन कॉलेजांत आणि एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत बोललो. लोक छान म्हणाले. हातात आलं ते शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह. पैसे मिळायला सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : वाचनालयं, मंडळं, कडोली-येळ्ळूरसारखी गावोगावची साहित्य संमेलनं वर्गणी आणि देणग्यांवर उभी असतात. तिथल्या मानधनात मान आधी, धन जमलं तर. त्यांच्याकडे फी मागून काही हाती लागणार नाही, आणि मागूही नये. तिथे जायचं ते समोर कोण बसलंय हे बघायला. पैसे मोजतो तो, ज्याचं तुमच्या विषयापायी महिन्याला काहीतरी वाया जातंय. तुमच्या बाबतीत तो छोट्या-मध्यम फाउंड्रीचा मालक, किंवा रिजेक्शनचा (नापास मालाचा) जाब ज्याला द्यावा लागतो तो क्वालिटीचा माणूस.

विषय मात्र आवळा. ‘कास्टिंगमधले दोष’ हा अख्ख्या सेमिस्टरचा मजकूर झाला. ‘ग्रीन सँडमधले ब्लोहोल : कारण ओळखा, त्याच पाळीत दुरुस्त करा’ (ओलसर वाळूच्या साच्यात ओतलेल्या भागात गॅसने पडणाऱ्या पोकळ्या) हा अर्ध्या दिवसाचा विषय होतो आणि मालकाला शीर्षकातच कळतं की हे आपलं दुखणं आहे. सोबत स्लाइडचा गठ्ठा नेऊ नका, दोन रिजेक्ट पीस मधोमध कापून न्या. एकातल्या पोकळीची भिंत गुळगुळीत, चकचकीत : तो गॅसचा दोष. दुसऱ्यातली आतून खरखरीत, काटेरी : ते श्रिंकेज, म्हणजे धातू थंड होताना आकसल्याने पडलेली पोकळी. हे पीस मोल्डरच्या (साचे करणाऱ्याच्या) हातात द्या आणि बोट फिरवायला सांगा. मग वाळूतला ओलावा, व्हेंट (गॅस बाहेर जायची भोकं), न वाळलेला कोअर (साच्यात आत बसवायचा वाळूचा गाभा) हे एकेक करून काढा. श्रिंकेजला गॅस समजून वाळूच बदलत बसलेली माणसं त्या खोलीत हमखास असतात. त्यांना फरक बोटाने कळला की बाकीचं बोलणं सोपं जातं.

साडेतीन तासांची मांडणी साधारण अशी ठेवा. पहिली २० मिनिटं त्यांच्याच कारखान्यातले गेल्या महिन्यातले रिजेक्ट पीस टेबलावर. पुढे पाऊण तास दोष ओळखणं, १५ मिनिटं चहा, सव्वा तास वाळूच्या चाचण्या प्रत्यक्ष करून. उरलेल्या वेळात प्रत्येक गटाने उद्यापासून काय बदलणार ते कागदावर लिहायचं. त्यासाठी आदल्या आठवड्यात शॉप फ्लोअरवर दोन तास फिरून या. न फिरता दिलेलं व्याख्यान ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मालकाला पहिली दहा मिनिटं बसवा आणि मग चक्क उठवा. तो समोर असेल तर ‘वाळू ओली येते’ हे कोणी कबूल करत नाही.

एक सापळा : ‘रिजेक्शन एवढे टक्के कमी करून देतो’ असं कधीही लिहून देऊ नका. वाळू, भंगार आणि मशीनची देखभाल तुमच्या हातात नसते. ‘सत्रानंतर मोल्डर दोन दोष वेगळे ओळखतील आणि ओलाव्याची चाचणी स्वतः करतील’ एवढंच लिहा. ते तपासताही येतं.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाले. सौहार्द संस्थांच्या (कर्नाटकातल्या एका प्रकारच्या सहकारी संस्थांच्या) कर्मचाऱ्यांना कर्जाची कागदपत्रं कशी तपासायची ते शिकवते. फोनवर ‘मॅडम, तुमचं काय ते सांगा’ म्हणाले की माझ्या तोंडून ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ निघून जातं. आकडा काढायचा कसा?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ‘योग्य वाटेल ते’ म्हटलं की समोरच्याचीही अडचण होते. त्याला संचालक मंडळासमोर ठराव मांडायचा असतो आणि त्यात रक्कम लिहावी लागते. तेव्हा रक्कम घरीच काढून ठेवा. खालचे आकडे रीत दाखवायला घेतले आहेत, ते बाजारभाव समजू नका.

समजा, तुमच्या तासाची किंमत तुम्ही ६०० रुपये धरली. नव्या सत्राची तयारी १६ तास. ते सत्र निदान चार ठिकाणी होईल म्हणून एका ठिकाणच्या वाट्याला ४ तास. त्या संस्थेच्या फायली आधी पाहायला २ तास, प्रत्यक्ष सत्र साडेतीन, नंतरचा अहवाल आणि फोनाफोनी २. एकूण साडेअकरा तास, म्हणजे ६,९००. पंचवीस जणांच्या टिपणांचं झेरॉक्स प्रत्येकी २० रुपयांनी ५००. झाले ७,४००. हा बेळगाव शहरातला आकडा. निपाणीला जायचं तर जाऊन-येऊन सुमारे १५० किलोमीटर. गाडीचे १२ रुपये किलोमीटरप्रमाणे १,८०० आणि प्रवासाचे तीन तास अर्ध्या दराने ९००. म्हणजे १०,१००.

याच्या खाली जायचं नाही. घासाघीस झालीच तर रक्कम कमी न करता काम कमी करा : अहवाल काढून टाका, किंवा सत्र दोन तासांवर आणा. तेच काम कमी पैशात केलंत तर तुमची फी कायमची तीच होते. एका संस्थेतली गोष्ट शेजारच्या संस्थेत चहा व्हायच्या आत पोचते, हे तुम्हाला सांगायला नको.

फोनवर रक्कम सांगा आणि त्याच संध्याकाळी एक पान पाठवा. विषय, कोणासाठी, किती जण (तीसच्या वर नको), वेळ, फी, प्रवासखर्च वेगळा, तारीख पक्की करताना निम्मी रक्कम आणि उरलेली सत्राच्या दिवशी. कार्यक्रम सात दिवसांच्या आत रद्द झाला तर आगाऊ रक्कम परत नाही, पण तारीख एकदा बदलून मिळेल, हेही त्यातच. उरलेली रक्कम ‘पुढच्या मीटिंगला पास करून’ मिळणार असेल तर ते आधीच विचारून घ्या. पैसे बुडत नाहीत, पण तीन महिने अडकतात. मार्चअखेर संस्थांना श्वास घ्यायला वेळ नसतो, त्या महिन्यात सत्र ठेवूच नका.

प्रश्न : ऊस लागवडीवर बोलतो. हुक्केरी-गोकाककडच्या शेतकरी मेळाव्यांची बोलावणी येतात, पण माझं कन्नड घरगुती. देवनागरीत लिहून वाचलं तर चालेल?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : वाचू नका. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आपल्या लिपीत तो फरक दिसत नाही. ‘कोडु’ तोकडं म्हटलं तर ‘दे’, लांबवलं तर ‘शिंग’. मेळाव्यात हशा पिकेल, तोही नको त्या ठिकाणी.

दोन रस्ते आहेत. एक, दुभाषी घेणं. मग तासाभरात तुमचं बोलणं अर्धाच तास होतं, हे धरूनच मजकूर कापा. दोन-तीन वाक्यांनंतर थांबा. एका दमात दहा वाक्यं सांगितली तर दुभाषी त्यातली चारच पुढे देतो. दुसरा रस्ता आम्हाला जास्त पटतो : बोलणं निम्मं आणि हातांनी दाखवणं निम्मं. बेण्याचे (लावायच्या उसाचे) तुकडे, त्यांवरचे कोंब फुटायचे डोळे, सरीतलं अंतर टेपने मोजून. त्यासाठी लागणारे तीस-चाळीस कन्नड शब्द त्या भागातल्या शेतकऱ्याकडून तोंडी शिकून घ्या, पुस्तकातले नकोत.

फी मात्र मेळाव्याला आलेल्यांकडून येत नाही. ती कारखान्याच्या शेती विभागाकडून किंवा खत-बियाण्याच्या कंपनीकडून येते. कंपनी पैसे देणार असेल तर तिच्या मालाची शिफारस तुम्ही करणार की नाही, ते आधी लेखी ठरवा. एकदा कोणाचं पोतं व्यासपीठावरून विकलंत की पुढच्या वर्षी तुम्ही त्या कंपनीचेच माणूस. वेळही बघा. आडसालीचं (पावसाळ्यातल्या लागणीचं) बोलणं जूनमध्ये, पूर्वहंगामीचं (पावसाळ्यानंतरच्या लागणीचं) सप्टेंबरात. गाळप जोरात असताना शेती विभागातला माणूस फोनसुद्धा उचलत नाही.

प्रश्न : राहतो निपाणीत, सत्रं कोल्हापूर-गडहिंग्लजला होतात. राज्य बदलतं म्हणून जीएसटी नंबर घ्यावाच लागतो असं एकाने सांगितलं. आणि दहा टक्के कापून का देतात?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर केवळ दुसऱ्या राज्यात सेवा दिली म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. हा गैरसमज मालाच्या विक्रीवरून आलेला आहे, तिथला नियम वेगळा. २० लाख मोजताना मात्र तुमच्या पॅनवरची सगळी उलाढाल धरतात. दुकानाचा गाळा भाड्याने दिला असेल तर तेही भाडं त्यात येतं. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही.

दहा टक्के म्हणजे व्यावसायिक शुल्कावरचा टीडीएस, पैसे देतानाच कापलेला आयकर. एप्रिल २०२५ पासून एकाच संस्थेकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त होत असतील तर तो कापतात, आधी ही मर्यादा ३०,००० होती. पॅन दिला नाहीत तर २० टक्के जातात. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवर तुमच्या नावे दिसली पाहिजे. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून ती परत मिळते. दिसत नसेल तर संस्थेच्या हिशेबनिसाला त्याच तिमाहीत गाठा, वर्ष उलटल्यावर कोणी दाद देत नाही.

प्रश्न : सहा वाजताचा कार्यक्रम पावणेसातला सुरू होतो, स्वागत-सत्कारात अर्धा तास जातो, मग कानात सांगतात ‘सर, थोडक्यात’. शिवाय माइक कुंई करतो. काय करावं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : एकच भाषण ६०, ४० आणि २० मिनिटांचं तयार ठेवा. गडबडीत भरभर बोलणं हा उपाय नव्हे. मराठीत निवांत बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, त्याच्या वर गेलात की मागच्या रांगा सुटतात. कोणते मुद्दे गाळायचे ते घरी ठरवून कागदावर पेन्सिलीने कंस करून ठेवा. आणि स्वतःचा परिचय साठ शब्दांत लिहून सूत्रसंचालकाच्या हातात द्या. नाही दिलात तर तो तुमचा सगळा बायोडाटा वाचतो आणि ती दहा मिनिटं तुमच्याच वेळातून जातात.

कुंई होते कारण माइकमध्ये स्पीकरचाच आवाज परत शिरतो. माइक घेऊन स्पीकरच्या पुढे जाऊ नका, माइकची जाळी मुठीत झाकू नका, तोंडापासून चार बोटांवर धरा. लांब धरलात की ऑपरेटर आवाज चढवतो आणि तिथून सगळं सुरू होतं. कॉलर माइक असेल तर सत्काराची शाल आधी काढून ठेवा, ती घासली की सभागृहभर खरखर ऐकू जाते. स्लाइड असतील तर पीडीएफ न्या. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, आणि ते दुरुस्त करेपर्यंत आभार मानणारे गृहस्थ उठून उभे राहिलेले असतात.