गार्डाचा डबा शाळेत आणायचाय

प्रश्न: आमच्या गावात एका शेतात बार्शी लाइट रेल्वेचा जुना गार्डाचा डबा आहे, कडबा भरून ठेवलेला. मालक तो शाळेला फुकट द्यायला तयार आहेत. आम्ही पंधरा-वीस पोरं श्रमदान करू. डबा हलवायचा कसा आणि रंग कोणता द्यायचा?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर: पत्र वाचून लई आनंद झाला. लातूरला १९११ मध्ये आलेली ती छोटी लाइन ब्रॉडगेज झाली, आता तिचं जे हाताला लागेल ते जपलंच पाहिजे. पण रंगाचं सध्या डोक्यातून काढा, आधी जमीन बघा. शाळेचं आवार काळ्या मातीचं असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डबा एका अंगाला कलतो, म्हणून माती काढून मुरूम दाबून भरा, वर खडी, स्लीपर आणि रूळ, आतून आत मोजून बरोबर ७६२ मिमी, आणि हे सगळं डबा यायच्या आधी.

क्रेनवाला वजन विचारेल. ही लाइन उभारणाऱ्या कॅल्थ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअर साहेबानं इथली गाडी आखामागं ५ टन धरून बांधली, म्हणजे दोन आखांचा डबा १० टनांच्या आत, चार आखांचा २० च्या आत. तरी कडबा काढून तळ बघाच, ब्रेक चांगला लागावा म्हणून गार्डाच्या डब्यात कधी कधी मुद्दाम वजन भरलेलं असतं. क्रेनचे पट्टे खालच्या लोखंडी चौकटीलाच बांधा, लाकडी अंगाला बांधले तर फळ्या चेपतात. वाटेतल्या तारांसाठी महावितरणला आधी सांगा, मालकाकडून दानपत्र लिहून घ्या, आणि काम पावसाळ्याआधी उरका नाहीतर क्रेनच रुतून बसेल.

डबा उभा राहिला की पहिलं त्याचं छप्पर नीट करा. मग रंग खरवडताना पाणी मारत मारतच, तोंडाला मास्क लावून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं, शाळेतल्या लेकरांना ह्या कामाला लावूच नका. एका कोपऱ्यात हळूहळू थर काढत गेलात की मूळ रंग तोच सांगेल, एखादं अक्षर दिसलं तर फोटो काढा, बटर पेपरवर गिरवून घ्या.

हातब्रेकचं चाक गच्च बसलेलं असेल. हातोडा मारू नका, बीडाचं असलं तर तडकतं. स्क्रूवर डिझेल-ऑइल सोडून दोन दिवस थांबा, मग दोघांनी मिळून थोडं पुढं, थोडं मागं असं हलवा. आणि कुर्डुवाडीकडं ह्या लाइनवर काम केलेले कुणी रिटायर गार्डकाका भेटले तर डबा शेतात आहे तोवरच त्यांना आणून दाखवा, दिवा कुठं अडकवायचे, बसायचं फळकूट कुठं होतं, ते त्यांनाच ठाऊक.