भिंतीवरचा हात आणि मधला झेंडा

प्रश्न : शाळेच्या मेळाव्यासाठी मैदानात बांबू आणि बारदानाचा भूलभुलैया उभारला आहे, दार एकच. ‘उजवा हात भिंतीवरून काढू नका, वाट सापडते’ असे मुलांना सांगितले. पण मुले मधल्या झेंड्यापर्यंत न जाताच दारात परत येतात. चुकते कुठे? – एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : हात ज्या भिंतीला लागला, त्या सलग भिंतीलाच तुम्ही फेरी घालता, नियमाची हमी एवढीच. दारातून निघाल तर दारात परत याल. झेंड्याभोवतीची भिंत बाहेरच्या भिंतीला कुठेच जोडलेली नसेल, तर ते बेट झाले आणि हात तिथे पोचत नाही. जुन्या नाशकात वाड्यांच्या एखाद्या रांगेला हात लावून निघालात, तर चौफेर फिरून त्याच ओट्याशी येता, तसेच हे.

नकाशावर बाहेरच्या भिंतीवरून रंगीत पेन्सिल न उचलता फिरवा. कोरी राहील ती भिंत बेटाची. ती बाहेरच्या भिंतीला बारदानाच्या एकाच पट्टीने जोडा. वाट बंद होत नाही, फक्त गोल फेरा मोडतो. दुसरी पट्टी लावलीत तर मात्र एखादा भाग कोंडला जाईल.

भिंतींत बदल करायचा नसेल, तर ट्रेमो या फ्रेंच गृहस्थांची पद्धत घ्या. फ्रेंच गणिती एदुआर लुकास यांनी ती १८८२ मध्ये छापली. बेटे असली तरी ती चालते. चौकात येताना आणि चौकातून निघताना त्या बोळाच्या तोंडाशी खडूची एक रेघ मारा. रेघ बोळाच्या मधोमध मारली तर चौकातून दिसत नाही, आणि सगळा हिशेब कोसळतो. चौक नवा असेल तर कोणताही कोरा बोळ घ्या. कोऱ्या बोळातून जुन्या चौकात आलात, किंवा वाट बंद निघाली, तर आल्या पावली मागे फिरा. (मुले नेमकी इथेच पुढे पळतात.) मागे फिरून चौकात आलात तर आधी कोरा बोळ, तो नसेल तर एक रेघ असलेला. दोन रेघांच्या बोळात पाऊल टाकायचे नाही.

प्रत्येक बोळ जास्तीत जास्त दोनदा चालला जातो. बोळांची एकूण लांबी १२० मीटर असेल, तर सर्वांत वाईट प्रसंगी २४० मीटर. वेळ त्या बेताने ठेवा. आत एका वेळी दोन मुले असतील तर खडूचे रंग वेगळे द्या.