धुराचा फोटो काढायचाय? आधी पंखा बंद कर

अरे तुझे चवथीचे फोटो बघितले, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) मस्तच आलीय, पण अगरबत्तीचा धूर दिसतच नाहीये कारण मागे पांढरी भिंत आणि समोरून फ्लॅश. धूर उठून दिसतो तो बाजूनं नाहीतर मागून उजेड आला की, आणि पाठीमागे काळोख हवाच. घरीच करून बघ, पंखा बंद, खिडक्या बंद, मागे काळं कापड, बाजूनं एक चांगला एलईडी टॉर्च, फक्त तो उजेड कापडावर किंवा लेन्सवर पडू देऊ नको. फोकस मॅन्युअल ठेव, अगरबत्तीच्या टोकावर धर आणि मग हात लावू नको, ऑटोफोकस धुरात नुसता भटकतो. शटर १/२५० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, पुसट वेटोळ्यांपेक्षा थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, परवडला. नीट बघ, धूर आधी दोरीसारखा सरळ वर जातो आणि मग एकदम फुटून वळायला लागतो, खरा फोटो तिथेच आहे! काळ्यासमोर तो निळसर दिसतो, बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात म्हणून, तो निळा एडिटिंगमध्ये घालवू नको प्लीज.

आणि मंगेशी, म्हार्दोळच्या देवळात गेलास तर आधी विचारून घे, गाभाऱ्याकडे कॅमेरा नकोच. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना) चालू असताना पण नको.