शेड आणि धक्का वेगळे करू नका

पोरी,

रात्रीचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझे काका म्हणतात, बोटी बांधायची शेड गोदामाला भाड्याने देऊ, प्रवाशांच्या फेऱ्या तेवढ्या चालू ठेवू, पुढची बोट विकत आणू. तुला शिपयार्डची नोकरी आली आहे, म्हणजे तू नुसत्या बांधणार. तुला वाटतं तुम्ही दोघं भांडताय. मला तर दोघांचं एकच मागणं दिसतं, अर्धा धंदा.

ज्यानं बोट बांधली त्यानंच ती चालवावी. बाकी सगळं यानंतर.

5083 या अ‍ॅल्युमिनियमची प्लेट खाऱ्या पाण्यात का टिकते, स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वजनामुळे बोट कमी पाण्यात कशी तरंगते, ठाण्याच्या खाडीत ओहोटीला त्याचा किती आधार होतो, हे तू शिकून आली आहेस. आता मी पाहिलेलं ऐक. आमच्या एका बोटीच्या इंजिनखान्यात सारंगानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, फळी उचलली. तळाच्या ओलीत तांब्याच्या वायरचा बोटभर तुकडा पडला होता, भोवती पांढरी भुकटी. नखानं खरवडली तर खाली प्लेटला खड्डा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलीत एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, एवढं पुस्तकात असतं. वायरमन घाईत कुठे बसून वायर सोलतो, ते नसतं. दुसऱ्या सकाळपासून शेडमध्ये ताडपत्री अंथरल्याशिवाय वायरचं काम बंद. सारंगाचं बोलणं वेल्डरच्या कानावर एका रात्रीत गेलं, कारण दोघांचा मालक एक होता. बोट विकत घेतली असती तर तो तुकडा तिथेच राहिला असता.

पावसाळ्याचंही तेच. फेऱ्या बंद असतात म्हणून सगळी दुरुस्ती तेव्हाच येते, आणि नेमकी तेव्हाच हवा ओली. प्लेटला घाम, वेल्डिंगवर हवा येऊ न देणारा आर्गॉन वायू कितीही सोडा, वेल्डिंगमध्ये बुडबुडे राहतात. बाहेरचा कंत्राटदार तारखेसाठी वरवर घासून रंग मारून देईल. ज्याला गणपतीनंतर त्याच बोटीत माणसं बसवायची आहेत, तो प्लेट गरम करून कोरडी करील, स्टेनलेस स्टीलच्या ब्रशनं घासील आणि मगच वेल्डिंगचा टॉर्च हातात घेईल. हे कुणाला शिकवावं लागत नाही, बोट स्वतःची असली की पुरतं.

मान हलवू नकोस, नीट ऐक. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीच्या वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळली, 15 माणसं गेली. त्या लाँचमध्ये परवान्यापेक्षा जास्त माणसं होती. टक्कर कुणामुळे झाली ते मी इथे बोलत नाही, मी आकड्याबद्दल बोलतोय. किती माणसं घ्यायची ते बोट बांधताना ठरतं आणि मोडतं धक्क्यावर. आपली बोट हलकी. धक्का आला की सगळे एका कुशीला उठतात आणि ती लगेच कलते. तो हिशोब ज्यानं मांडला तो धक्क्यावर उभा असेल, तर एक माणूस वाढवणार नाही. म्हणून म्हणतो, बांधणारा आणि चालवणारा एकच हवा.

माझ्या थोरल्या भावालाही नुसत्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. मी ऐकलं नाही, तो वेगळा झाला, आईच्या वर्षश्राद्धालाही आला नाही. ती खंत रोज आहे. पण शेड आणि फेऱ्या एकत्र ठेवल्या याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. लोक हट्टी म्हणाले, म्हणोत. बोटीला रात्री चीर गेली आणि सकाळच्या पाळीची माणसं धक्क्यावर उभी आहेत, अशा वेळी आमच्याच शेडचे दिवे लागायचे. त्या माणसांना कामावर पोचवलं ते या हट्टानंच.

तुला पगार नको, असं मी म्हणत नाही. घरातल्या तिघा पुरुषांपुढे बोलणं सोपं नाही, तेही कळतं. पण तुझ्या घरात हिशोब आणि वेल्डिंग दोन्ही कळणारी तू एकटी आहेस, आणि तूच निघालीस तर काका शेडला कुलूप लावायला मोकळे.

शिपयार्डकडे दोन महिन्यांची मुदत माग. तोवर रोज पहिली फेरी सारंगाशेजारी उभी राहून कर, उधाणाच्या मोठ्या भरतीची आणि भांगाच्या लहान भरतीची, दोन्ही, आणि दुपारी शेडमध्ये जा. भाड्याच्या कागदावर बाबांना सही करू देऊ नकोस. काकांशी बोलायला रविवारी मी येतो.

तुझा,
बाबांचा मित्र