लग्न लावून दिलं की तो थांबेल?

'ताई, मी २४ वर्षांची. कोल्हापुरात राजारामपुरीत नोकरी करते. कॉलेजातल्या एका मुलाला दोनदा तोंडावर नाही म्हटलं, तरी सात महिने नव्या नव्या नंबरवरून फोन करतो, केएमटी बसच्या स्टॉपवर येऊन उभा राहतो. परवा घरी टीव्हीवर 'डर' सिनेमा लागला होता. मावसबहिणी त्यातल्या, नायिकेचा पाठलाग करणाऱ्या राहुलसाठी हळहळत होत्या आणि मला दरदरून घाम फुटला. आई म्हणते, लग्न उरकून टाकू, आपोआप गप्प बसेल. मी उगाच बाऊ करतेय का?'

अजिबात नाही गं. तुला बरोबर जागी घाम फुटला.

राहुल मेलेल्या आईशी फोनवर बोलतो, ते आपल्याला अगदी जवळून दाखवलंय. म्हणून पोरींना त्याची कणव येते. बहिणींना सांग, एकदा फक्त किरण झालेल्या जुही चावलाकडे बघत तोच सिनेमा बघा. फोन वाजला की तिच्या चेहऱ्याचं काय होतं ते बघा.

आईला मात्र एकच गोष्ट दाखव. किरणचं लग्न होतं, जोडपं स्वित्झर्लंडला जातं आणि राहुल तिथंही पोचतो. असल्या माणसाला नवरा म्हणजे फक्त वाटेतली अडचण. त्यामुळे या भीतीपोटी स्थळं बघायला घेऊ नका.

तुझी बाजू किरणपेक्षा भक्कम आहे. तो कोण हे तुला माहीत आहे. शिवाय १९९३ साली, सिनेमा आला तेव्हा, पाठलाग हा वेगळा गुन्हा नव्हता. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे.

त्याला एकदाच लिही: 'मला तुझ्याशी कोणताही संपर्क नको. फोन, मेसेज करू नको, मागे येऊ नको.' त्यात 'सॉरी' नको, कारण नको, 'सध्या' हा शब्द तर नकोच. पुढे एक अक्षर नाही, शिवीसुद्धा नाही. ३९ फोन सोडून ४० वा उचललास, तर ४० फोन केले की ही उचलते, एवढंच तो शिकेल.

सिम फेकू नको. घरातल्या जुन्या फोनात घालून आवाज बंद कर. मेसेज तिथं साठू देत, ते तू नको, दादानं वाचावेत. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नव्हे, नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. वहीत रोज लिही: कुठं, किती वाजता, गाडीचा नंबर, सोबत कोण होतं. स्टॉपजवळच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून मालकाला त्याच दिवशी गाठ.

दादाला चार पोरं घेऊन जाऊ देऊ नको. सिनेमात किरणचा नवरा सुनील राहुलला ठार मारतो. इथं दोन थोबाडीत दिल्या तरी मारहाणीची तक्रार दादावर होईल आणि तुझं प्रकरण बाजूला पडेल.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते, प्रत फुकट मिळते. पहिल्या वेळी शिक्षा ३ वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तो लवकर सुटून येईल. तेच दिवस जास्त जपायचे. स्टॉप बदल, एकटी जाऊ नको, ऑफिसात आणि शेजारी सांगून ठेव. अंगावर आला तर थेट ११२. मोफत वकिलासाठी कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

मेसेज पाठवताना आईला शेजारी बसव आणि आधी तिला तो मोठ्यानं वाचून दाखव.